उपाशीपोटी तपासणी

आमचे हे बरीच वर्षं चिंचोळी एमआयडीसीत आहेत, पावडर वाळवायच्या खात्यात. कंपनी देशातल्या पहिल्या रांगेतली. तिची रसायनं परदेशात जातात, पेपरात कौतुक छापून येतं, आणि मोहोळच्या आमच्या गल्लीत यांना ओळखतात तेही तिच्याच नावानं. खरं तर हे कंपनीचे नव्हतेच, ठेकेदाराचे होते. कायम झालेल्यांना निळे कपडे, बस आणि कँटीन. ठेकेदाराच्या माणसांना पाळी सुटताना हातावर गुळाचा खडा.

गुळानं छातीत गेलेली पावडर खाली उतरते, असं तिथं सगळे मानतात. हे तर फारच. भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि जिना चढून आले की आधी कठडा धरून उभे राहायचे. मी चिडवायचे, म्हातारे झालात की. हे हसायचे, पण उत्तर द्यायला दम नसायचा.

गेल्या वर्षी कंपनीनं ठेक्यावरची काही माणसं कायम करायचं ठरवलं आणि त्यात यांचं नाव आलं. कायम झाल्यावर यांना पावडरीतून काढून गोदामात घालणार होते. पगार वाढणार म्हणून हे खूश होते. मला मात्र ते गोदामच हवं होतं. आता फक्त कंपनीच्या दवाखान्यातली तपासणी राहिली होती, आणि तिला उपाशीपोटी जायचं होतं.

हे गेले आणि तोंड पाडून परत आले. रक्तात साखर जास्त निघाली म्हणून पुढचं काही तपासलंच नव्हतं.

"सकाळी काही खाल्लं होतं का?" मी विचारलं.

"न्हाय की. नुसतं गूळ-पाणी घेतलं."

"अहो, मग उपाशी कसले?"

"गूळ-पाणी म्हंजे काय जेवण हाय व्हय? दारात आलेल्या पावण्याला पण देतो आपण. छाती मोकळी ऱ्हावी म्हणून जरा जास्तच खाल्ला."

मी कपाळावर हात मारला. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. त्या सकाळी मी गुळाचा डबा शेजारणीकडे ठेवला आणि अंगणवाडीत रजा सांगून यांच्यासोबतच गेले. यांचा काही भरवसा नव्हता.

साखर व्यवस्थित निघाली. मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले. मग बाईंनी यांच्या तोंडात एक नळी दिली आणि जोरात फुंकायला सांगितलं. यांनी फुंकलं आणि खोकल्याची उबळ आली. पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा डोळ्यांतून पाणी आलं, तरी यंत्रावरची रेघ काही वर जाईना.

"धुळीत काम करता का?" बाईंनी विचारलं.

"पावडरीत."

"कुठल्या कंपनीत?"

"हितंच. तुमच्याच की."

बाईंनी यंत्र बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कायम नोकरीसाठी मी यांना पास करू शकत नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला त्यांचा राग आला, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं म्हणून जास्तच आला.

परतताना हायवेवर चहाला थांबलो. यांनी कपाला तोंड लावलं नाही.

"गूळ खाल्ला असता तर फुंकलं असतं मी," हे म्हणाले. "तूच न्हाय म्हणालीस."

मला रडू आलं. भर रस्त्यात, लोक बघत असताना मी रडले. इतकी वर्षं आपल्या छातीत काय साठत गेलं ते या माणसाला कळलंच नव्हतं, आणि आता कळलं तर खापर माझ्यावर. मी म्हटलं, "सोडा ते काम. मोहोळच्या बाजारात हमाली करा, पण तिथं जाऊ नका."

"या छातीवर हमाली?" हे म्हणाले.

मी चहाचे पैसे देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हे त्याच गेटातून आत गेले, त्याच पावडरीवर. ठेकेदाराच्या माणसाला तिथं कुणी फुंकायला सांगत नाही.