दुर्गाबाई आणि बाळंतपणाची खोली

दुर्गाबाई तायडे ग्रामपंचायतीवर निवडून आल्या तेव्हा गावाला वाटलं, बाई सही करतील आणि चहा पिऊन घरी जातील. चहा त्या प्यायच्याच, पण सहीआधी ‘हे कावून?’, म्हणजे ‘हे कशासाठी?’, असं विचारायच्या. या ‘कावून’पायी पाण्याच्या टाकीचं उद्घाटन एकदा लांबलं होतं, कारण टाकीत पाणीच नव्हतं. चांदूर बाजाराकडच्या त्या गावात सरपंच खुशालराव कोणाच्या बापाला भीत नसत. समोरून दुर्गाबाई आल्या की मात्र त्यांना अकोटचं काम आठवायचं.

गावच्या आरोग्य उपकेंद्राला बाळंतपणाची खोली मिळावी म्हणून दुर्गाबाईंनी अधिकाऱ्यांच्या दारांचे उंबरठे झिजवले होते. त्यांची पहिली मुलगी चांदूर बाजारच्या वाटेवर बैलगाडीत जन्मली आणि गाडीतच गेली. हे त्या कोणाला सांगत नसत. पण नव्या खोलीच्या फरशीवर पाय ठेवला की त्यांना रडू यायचं, आणि मग त्या गवंड्यावर उगाच ओरडायच्या.

खोली झाली आणि खुशालरावांना भक्तीचा उमाळा आला. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. वर्गणी जमवून त्यांनी खोलीतच संगमरवरी देव्हारा करून घेतला, देवीची मूर्ती सांगून ठेवली आणि ग्रामसभेत ती बसवायचा ठराव आणायचं जाहीर केलं.

“दवाखाना सरकारचा हाय,” दुर्गाबाई म्हणाल्या. “सरकारले धर्म नसते भाऊ. घटनेत तसंच हाय.”

“ग्रामसभेचा ठराव म्हंजे गावचा कायदा,” खुशालराव म्हणाले. “अन् देवी कोनाले नडते?”

खुशालराव राजकारणात मुरलेले. संध्याकाळी ते थेट दुर्गाबाईंच्या बौद्ध वस्तीत गेले आणि म्हणाले, खोलीतली देव्हाऱ्यासमोरची भिंत तुमची, तिथं बुद्धाची मूर्ती बसवा. झालं. दुर्गाबाईंचा मुलगा नितेश अमरावतीत राजापेठेला शिकवणीचे वर्ग घ्यायचा. तो दुसऱ्याच दिवशी गाडीवर मूर्ती घेऊन आला. वस्तीत पेढे वाटले गेले. आता विरोधात उरल्या एकट्या दुर्गाबाई. आपलेच दात, आपलेच ओठ.

“आई, आता तरी गप बस,” नितेश म्हणाला. “आपल्याले बरोबरीचा मान भेटून राहिला.”

दुर्गाबाई भाकरी थापत होत्या. “मान ठीक हाय, पन खोली कोनासाठी बांधली रे?” एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी भाकरी करपली.

ग्रामसभेला झाडून सारा गाव आला. दुर्गाबाई उठल्या आणि सरपंचांकडे न बघता नारायण गुरुजींकडे वळल्या. गावातली सगळी लग्नं-मुंजी-वास्तुशांती गुरुजींच्याच हातची. माणूस नेमाचा पक्का, खोटं बोलायला सांगितलं तर त्याला ठसका लागायचा.

“गुरुजी, मूर्तीची प्रतिष्ठा झाल्यावर त्या खोलीत बाई बाळंत झालेली चालते काय?”

गुरुजींनी उपरणं नीट केलं. खुशालरावांनी त्यांना डोळ्यांनी विनवून पाहिलं. “शास्त्र विचारता, तर नाही चालत,” गुरुजी म्हणाले. “विटाळ होतो. देव बसले तिथं बाळंतीण नको.”

“मंग खोली कोनं सोडाची? देवीनं का बाळंतिनीनं?”

सभा खदाखदा हसली. देव्हारा कुठं करवून घेतोय हा विचार खुशालरावांच्या डोक्यात आलाच नव्हता. तेवढ्यात नितेश उठला.

“आमच्यात विटाळ नाही. मंग आमचीच मूर्ती बसवा.”

वस्तीतून टाळ्या पडल्या. बिनतोड होतं. दुर्गाबाईंनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर डाव त्यांचा होता, आणि मोह झालाच नाही असंही नाही. आयुष्यभर ज्यांना विटाळ म्हणून बाहेर ठेवलं त्यांची मूर्ती आत, आणि बाकीच्यांची बाहेर!

“नाई,” त्या म्हणाल्या. “कळा सुटलेल्या बाईले, हे दार आपलं का दुसऱ्याचं, हा इचार कराले लावाचा नाही. आमचीही मूर्ती नको.”

टाळ्या थांबल्या. नितेश खाली बघत बसला. खुशालरावांनी विचारलं, “मंग देव्हाऱ्याचं काय करू? पंचायतीच्या हापिसात...” दुर्गाबाईंनी तोंड उघडायच्या आतच ते घाईनं म्हणाले, “नाई नाई. माह्या घरी नेतो.”

ठराव बारगळला. बुद्धाची मूर्ती वाजतगाजत वस्तीतल्या विहारात गेली, पण मिरवणुकीत दुर्गाबाईंशी कोणी बोललं नाही. आपल्याच बुद्धाले नाई म्हने, असं बाया नळावर बोलत. नितेश सुट्टीला घरी यायचा आणि मोबाइलमध्ये डोकं घालून जेवायचा. दुर्गाबाईंना ते फार लागलं. तरी त्या रोज उपकेंद्रात जाऊन खोली झाडली का, पाणी भरलं का, ते बघून यायच्या.

खोलीत पहिली आली ती नारायण गुरुजींची सून चारुता. अकोल्याची मुलगी, नाव अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात घातलेलं. पण कळा आधीच सुटल्या आणि गाडी निघायला वेळच उरला नाही. गुरुजी बाहेर बाकावर बसून स्तोत्र म्हणत होते आणि मधलीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. आत सिस्टर तयारीला लागल्या. घाबरलेली चारुता चारी भिंतींवर नजर फिरवू लागली.

“इथं देव नाही का हो?” तिनं विचारलं.

दुर्गाबाई तिच्या उशाशी बसल्या.

“हाय न बाई. भायेर बाकावर बसला हाय, तुह्या सासऱ्याजवळ. मीच त्याले म्हनलं, आत बायामानसाचं काम हाय, तू थांब जरासा.”

चारुता कळेतही हसली. मग पुढची कळ आली आणि तिनं दुर्गाबाईंचा हात घट्ट धरला. बाळ रडेपर्यंत तो तिनं सोडला नाही.