झगा पाहायला जायचा बेत

तो झगा रफूताईच्या हाताखाली अकरा महिने होता, पण तिने तो उभा असा कधी पाहिला नव्हता.

झगा होता दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा धर्मगुरूंचा. रेशमी, सोनेरी वेलबुट्टीचा, आणि खांद्यापासून पाठीपर्यंत इतका विरलेला की फुंकर मारायलाही भीती वाटावी. अशा कापडाला सुई लावायची छाती शहरात एकाच बाईची होती, आणि ती बाई घर सोडून कुठे जाऊ शकत नव्हती. म्हणून धार्मिक कला आणि इतिहासाच्या संग्रहालयातल्या मॅडमनी नियमांना थोडी मुरड घातली आणि लांबट खोक्यातून झगाच तिच्या घरी आणून दिला. खिडकीजवळच्या टेबलावर एका वेळी वीतभर कापड उघडायचं आणि बाकीचं मलमलीत गुंडाळून ठेवायचं, अशी कामाची रीत. त्यामुळे वीत वीत करून तिला सगळा झगा तोंडपाठ झाला, तरी एका नजरेत तो कधी मावला नाही.

काम पुरं झालं, झगा परत गेला आणि काही महिन्यांनी मॅडमचा फोन आला. झगा काचेआड उभा केला होता, पण तीनच महिने. उजेडाने रेशीम खराब होतं, म्हणून नंतर बारा वर्षं अंधाऱ्या कपाटात.

ताईचं वय त्रेसष्ट. तिने बारा मिळवले आणि फोन खाली ठेवला.

डाव्या खांद्यावरचे चार टाके तिच्या मनातून जात नव्हते. ते घालत असताना दादा पलंगावरून घसरला होता. ती धावली, त्याला वर घेतलं आणि दम न खाताच परत सुईला बसली. ते चार तिरके पडले. उसवले तर मूळ रेशीम तुटलं असतं, म्हणून तसेच राहिले. झगा उभा राहिल्यावर ते दिसतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

पण घोडं अडायचं ते दादापाशीच. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. बस आगारात तीस वर्षं त्याने वेळापत्रकं आखली. आठ वर्षांपूर्वी त्याचं डावं अंग गेलं, आणि तेव्हापासून उशाशी घंटी. ती वाजायची पाण्यासाठी, कुशीवर वळवण्यासाठी, चष्म्यासाठी आणि ‘काही नाही, तू आहेस ना ते बघितलं’ यासाठी. या चौथ्या कारणासाठी सगळ्यात जास्त. आठ वर्षांत ताई जास्तीत जास्त चाळीस मिनिटं बाहेर राहिली होती, तीही दाढ काढायला.

तिला वाटलं होतं, संग्रहालयाचं नाव काढताच दादाच्या कपाळाला आठी पडेल. झालं उलटंच. गडी खुलला.

“वही आण,” तो म्हणाला. “असं उठून चालू लागायचं नसतं. नीट आखू.”

आणि त्याने आखलं. अकरा-दहाची बस, एकोणिसावा थांबा, चालत सात मिनिटं, रांग, झगा पंचवीस मिनिटं, परतीची बस एक-वीसला. आगाराचा नियम तो घरातही पाळायचा. नक्की ते शाईने, कच्चं ते पेन्सिलने. वाण्याची यादीसुद्धा त्याच पद्धतीने.

मग माशी शिंकायला लागली. दादाजवळ बसणार कोण? शेजारच्या नर्सबाई एका पायावर तयार, पण त्यांना सुट्टी सोमवारी आणि संग्रहालय बंद तेही सोमवारीच. खालच्या मजल्यावरच्या काकू चालल्या असत्या, पण दादाच्या मते त्या बोलून बोलून जीव घेतात. आतेभाऊ यायला तयार होता, तो म्हणे घोरतो. एकदा रस्त्याचं खोदकाम निघालं, एकदा दादाला कणकण आली. प्रत्येक वेळी दादा हळहळायचा आणि नवं पान उलटायचा. असे नऊ बेत झाले. नवव्यात तर पाणी कुठे प्यायचं तेही लिहिलेलं. गेली नाही ती फक्त ताई.

शेवटच्या आठवड्यात नर्सबाईंनी कुणाशी तरी ड्यूटी बदलून घेतली. रविवार मिळाला, प्रदर्शनाचा अगदी शेवटचा दिवस.

“रविवारी अकरा-दहा नसते,” दादा म्हणाला. “मीच बंद केली होती.”

“मग दहा-चाळीसने जाईन.”

“त्या गाडीला उभं राहायला जागा नसते.”

“उभी राहीन.”

रविवारी सकाळी दादाची छाती जड झाली. नर्सबाईंनी नाडी धरली, घड्याळ पाहिलं. “माझ्यापेक्षा बरी चाललीय,” म्हणाल्या आणि पेपर उघडून बसल्या.

ताईने खांद्याला पिशवी अडकवली आणि बसचा नंबर बघायला वही घेतली. एक पान, दुसरं, तिसरं. मग ती पहिल्यापासून नीट बघत गेली. नऊच्या नऊ बेतांत जायची ओळ पेन्सिलीत होती आणि यायची ओळ शाईत.

तिला राग आला. आठ वर्षांत आला नव्हता इतका, कान गरम होईपर्यंत.

“दादा, परतीचं तेवढं शाईत कसं?”

“परत तर यायचंच ना तुला.”

“आणि जायचं?”

“तू खाली जातेस ना, तेव्हा मी तुझी पावलं मोजतो,” तो म्हणाला. “चौऱ्याऐंशी पायऱ्या. त्याच्यापुढे ऐकू येत नाही. भीती वाटते गं.”

हे ताईला कळत नव्हतं असं नाही. पण त्याने ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. रागाचं एकदम पाणी झालं आणि पिशवीचा बंद खांद्यावरून कोपरापर्यंत घसरला. आणखी क्षणभर ती तशीच उभी राहिली असती, तर पिशवी खुंटीला गेली असती आणि झगा कपाटात.

ती पलंगाच्या कडेला बसली. पेन उघडलं, नवव्या बेताच्या जायच्या ओळीवर दहा-चाळीस असं शाईने ठसठशीत लिहिलं आणि खालचं एक-वीस खोडून टाकलं. मग वही त्याच्या मांडीवर ठेवली.

“परतीचं तू लिही,” ती म्हणाली. “पेन्सिलने.”

दार ओढून ती निघाली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर घंटी वाजली. पाय आपोआप थांबले, मागे फिरले आणि दोन पायऱ्या वरही चढले.

वरून कठड्यावर नर्सबाईंचं डोकं आलं. “काही नाही हो ताई, जा तुम्ही. पेन्सिल पडली होती त्यांची, दिली उचलून.”

ताई त्या दोन पायऱ्या पुन्हा उतरली आणि मग पुढच्याही. वर तो मोजत असणार, म्हणून पाय जरा वाजवत.