एकशे ऐंशी दिवस आणि एक अमावास्या

लिहायची माझी पात्रता नाही, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही संख्याशास्त्र घेऊन. निबंधात मला कायम काठावरचे गुण मिळाले. पण एका कावळ्याची वाट बघताना माझं घर मला बंद झालं, हे कुणीतरी लिहायला हवं. चूक माझीच असल्यामुळे ते काम माझ्याकडेच आलं.

आमचं घर दोह्यात आहे. फरीज बिन ओमरानमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. बाबा निफाडहून वायरमन म्हणून गेले, ते आता फोरमन आहेत. मी चार वर्षांचा असताना आई आणि मी त्यांच्या नोकरीच्या आधारावर तिथले रहिवासी झालो. माझी शाळा तिथेच झाली. कॉलेजसाठी मात्र नाशिकला आत्याकडे आलो.

आता नियम असा, की तिथला रहिवासी सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की परवाना खलास! म्हणून आमच्यासारखी मुलं दर सहा महिन्यांच्या आत एकदा उडत येतात, नोंद करतात, आईच्या हातचं जेवतात आणि परत जातात. आमच्या घरी याला ‘शिक्क्याला येणं’ म्हणतात. हे चुकवून चालणार नव्हतं. मधल्या काळात नियम कडक झाले होते. बाबांच्या हुद्द्याच्या माणसाला आधीपासून तिथे असलेलं कुटुंब ठेवता येत होतं, नवीन माणूस आणता येत नव्हता. (मी वीस वर्षांचा जुना मुलगा, पण परवाना गेला असता तर कागदोपत्री नवीनच!)

त्या वर्षी दोह्यात फुटबॉलच्या विश्वचषकाची घाई होती. बाबा एका स्टेडियमच्या दिव्यांवर होते आणि त्यांना रजा नव्हती. मी गुढीपाडव्याच्या आधी तिथून निघालो होतो, म्हणून सप्टेंबरअखेरीचं शिक्क्याचं तिकीट काढलं आणि आईला फोन केला.

“कधीचं काढलंस?”

“रविवारचं.”

 पलीकडे भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फडफडलं.

“अरे नील्या, रविवारी सर्वपित्री आहे!”

“मग?”

“मग काय? आजोबांचा घास कावळ्याला कोण ठेवणार? तुझे बाबा इथे दिवे लावतायत!”

“आत्या ठेवील.”

“घरात नातू असताना? त्यात अमावास्येचा प्रवास! शिकलास म्हणून काहीही बोलशील होय रे?”

मी शिकलेला असल्यामुळे हिशेब केला. सहा महिने शुक्रवारी पूर्ण होत होते. सोमवारच्या विमानात जागा नव्हती, मंगळवारच्या होती. म्हणजे तरीही तीन दिवस हातात! मी मंगळवारचं तिकीट घेतलं आणि आईला म्हणालो, “काळजी करू नकोस. मोजणं हाच माझा विषय आहे.”

रविवारी आत्याच्या गच्चीवर पान ठेवलं. कावळा पावणेदोन तास आला नाही. (त्याला बहुधा नियम माहीत होता.)

मंगळवारी मी मुंबईच्या विमानतळावर. बॅगेत आईने मागवलेला काळा मसाला, कुरडया आणि आत्याने दिलेला बिडाचा तवा. काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

“सर, तुमचा परवाना चालू दिसत नाहीये.”

“शक्यच नाही. सहा महिने शुक्रवारी होतात!”

“सर, सिस्टीम महिने मोजत नाही, दिवस मोजते. एकशे ऐंशी चालतात. आज एकशे एक्याऐंशीवा आहे.”

मी वाद घालणार होतो. पण रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आजींनी बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली. “बरोबर आहे हो हिचं. मे, जुलै, ऑगस्ट, तिन्ही एकतीसचे ना? व्हा बाजूला.”

मी बाजूला झालो. तवा घेऊन.

आता सगळी भिस्त हमीदभाईंवर. हमीदभाई म्हसळ्याचे, बाबांच्या कंपनीचे मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारे. त्यांचा फोन आला.

“उशिराला कारण लिवावं लागंल. आजारी व्हतास?”

“नाही.”

“परीक्षा?”

“नाही. कावळा.”

“काय?”

मी सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. हमीदभाईंनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. “आरं पोरा, ह्ये मी अरबीत कसं सांगू?”

शेवटी बाबांना बरोबर नेऊन त्यांनी ‘आजोबांचे धार्मिक विधी’ असं सांगितलं. समोरचा अधिकारी वयस्कर आणि फार सज्जन निघाला. तो उठून उभा राहिला, छातीवर हात ठेवून त्याने बाबांचं सांत्वन केलं. नातवाने थांबायलाच हवं होतं, म्हणाला. फक्त मृत्यूचा दाखला आणा.

बाबांनी दाखला शोधला. आजोबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती!

हमीदभाईंनी वर्षावर अंगठा ठेवून दाखला पुढे केला. अधिकाऱ्याने हळूच अंगठा उचलला, वाचलं, आणि बाबांकडे असं पाहिलं, की बाबा तीन दिवस धड जेवले नाहीत. “खलास,” हमीदभाईंनी मला कळवलं. “तुझा आजोबा फार लवकर गेला रं.”

मग नोव्हेंबरात विश्वचषक सुरू होणार म्हणून पाहुण्यांचे व्हिसाही बंद झाले. आता रहिवाशांखेरीज फक्त सामन्याचं तिकीट असलेल्यांना प्रवेश. दिवाळीत आईने करंज्या केल्याच नाहीत. फोनवर म्हणाली, “मीच अडवलं रे तुला.”

“तू कॅलेंडर बघितलंस, आई. दिवस मोजायचे होते ते मी.”

“वेळेवर जेवत जा,” म्हणून तिने फोन ठेवला. मला तेव्हा तिने रागावलेलं चाललं असतं.

आणि मग एका दुपारी, भर तासाला, बाबांचा फोन! मी वर्गाबाहेर पळालो.

“नील्या, तिकीट लागलं!”

“कसलं?”

“सामन्याचं! रोज नंबर लावत होतो. आता तुला येता येतं. प्रेक्षक म्हणून!”

“पण बाबा, सामना कोणाचा?”

“कोणाचा का असेना! तू काय चेंडूसाठी येतोयस?”

आईने फोन ओढून घेतला. “राहायची सोय दाखवावी लागते म्हणाले. मग आम्ही तुला पाहुणा म्हणून नोंदवलंय. यजमान मी! पाहुणा किती दिवस राहणार, असं विचारलं होतं त्यात…”

बाबांनी फोन परत घेतला. “परतीचा दिवस हमीदभाईंनी मोजून घेतलाय. तू काही मोजू नकोस.”

मी तरीही मोजलं. तीनदा. विमान बुधवारचं आहे, आणि त्या बुधवारी अमावास्या आहे. आईला मी हे सांगितलेलं नाही. आणि तेच कॅलेंडर तिच्या भिंतीवर असूनही, या वेळी तिनेही मला सांगितलेलं नाही.