चिनात्सुचा हात आधीच कसा पडतो?

इसोगाईबाईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. त्यांचे वडील मासळीच्या लिलावात खरेदी करायचे. तराजूचा काटा नंतर, आधी तराजू धरणाऱ्याचा अंगठा बघायचा, हे बाई त्यांच्याबरोबर उभ्या राहून शिकल्या होत्या. चौथीच्या वर्गावर आल्यावरही नजर तशीच राहिली. एखाद्याचं पोट दुखलं, तर ते गणिताच्या तासालाच का दुखलं, हे त्या आधी विचारायच्या.

मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर होते. आमचं गाव खाडीवरचं, कालवांवर जगणारं. अशा गावात लहान मुलांना इंग्रजी शिकवायचा हुकूम आला, तेव्हा आम्ही सगळ्याच घाबरलो. इसोगाईबाई घाबरल्या नाहीत, त्यांना लबाडीचा वास आला.

"खेळातून शिकवा म्हणे," त्या मला म्हणाल्या. "खेळून कुणी शिकतं का हो? ज्यांना शिकवायचं नसतं, ते खेळायला लावतात."

मदतीला एक परदेशी मुलगी आली. मार्वा तिचं नाव, त्रिनिदादची. उंच, काळीसावळी, हसली की वर्गभर ऐकू जाणारी. ती बाक भिंतीला लावायची, मुलांना जमिनीवर बसवायची आणि मधे चित्रांचे पत्ते पसरायची. ऑक्टोपस, छत्री, विमान, कांदा. तिनं शब्द उच्चारला की त्या पत्त्यावर ज्याचा हात पहिला पडेल, पत्ता त्याचा. आमच्याकडे जपानात नव्या वर्षाला घरोघरी असले पत्ते खेळतात, त्यामुळे मुलं तुटून पडायची.

आणि जिंकायची कायम एकच. चिनात्सु सेगावा.

ही मुलगी एरवी गप्प. जपानी धडा वाचायला उठवली तर अडखळायची, प्रश्न विचारला तर भलतंच उत्तर द्यायची. पण मार्वानं "अम्ब्रेला" म्हणायला तोंड उघडलं न उघडलं, की हिचा हात छत्रीवर. कधीकधी तर शब्द पुरा व्हायच्याही आधी.

"हिला कुणीतरी आधी सांगतंय," इसोगाईबाई म्हणाल्या. कोण सांगतंय, तेही त्यांनी शोधून काढलं. मार्वा भाड्यानं राहायची ती चिनात्सुच्याच आजीच्या घरी, माडीवर. "बघा! रात्री एका टेबलावर जेवतात. मग उद्याचे शब्द कळायला काय उशीर?"

"पण बाई, पत्ता कुठे पडेल ते मार्वाला तरी काय ठाऊक?" मी म्हटलं.

"खुणा असतात. डोळ्यांच्या खुणा."

पुढच्या आठवड्यात मार्वानं दुसरा खेळ घेतला. मुलांना रांगेत उभं करायचं, पहिल्याच्या कानात शब्द सांगायचा, त्यानं पुढच्याच्या कानात कुजबुजायचा, शेवटच्यानं फळ्यावर चित्र काढायचं. चिनात्सुची रांग हरली. रांगा बदलल्या, तरी ज्या रांगेत ती, ती रांग हरली. एकदा "स्क्विड", म्हणजे माकुल, निघाला होता आणि फळ्यावर बूट उमटला. मुलं तिच्यावर चिडली. "मुद्दाम करतेस!" सोता नावाचा मुलगा ओरडला. "पत्ते एकटीला मिळतात म्हणून जिंकतेस. आमच्याबरोबर असलीस की वाट लावतेस!"

बाईंना हे पटलं. स्वतःपुरतं जिंकायचं आणि इतरांना बुडवायचं. त्यांनी सापळा लावला.

त्या दिवशी पत्ते पसरल्यावर त्यांनी मार्वाला बाजूला बसवलं. "आज शब्द मी सांगणार." आणि त्या मुलांच्या पाठीमागे, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "प्लेन," त्या म्हणाल्या. त्यांचा उच्चार काही फार चांगला नव्हता, पण मुलांना कळला. हात पडले. चिनात्सु मात्र समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. मग तिनं गर्रकन इकडे तिकडे पाहिलं, दुसऱ्यांचे हात पाहिले, आणि सगळं संपल्यावर आपला हात पुढे केला. "अनियन." तेच. दर वेळी तेच.

"पकडली!" बाई पुढे आल्या. "चिनात्सु, इतके दिवस काय करत होतीस ते आता सगळ्यांना कळलं. खोटं खेळून जिंकण्यात काय मजा येते ग?"

चिनात्सु लालबुंद झाली. "मी बघते फक्त," ती एवढंच म्हणाली.

तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत बाईंनी मार्वाला धरलं. मी तिथंच होते.

"तुम्ही तिला खूण करता."

मार्वाचं जपानी मोडकं, पण रोखठोक. "मी नाही करत. पण बाई, मी शब्द म्हणायच्या आधी पत्ता कुठे आहे ते शोधते ना? ती माझे डोळे बघते. आणि तोंड बघते. घरी पण बघते. मला वाटायचं, तिला माझे दात आवडतात."

मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तोंड बघते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग एकदम मला विचारलं, "चौथीत कानांची तपासणी होते का?"

"नाही. तिसरीत होते, मग एकदम पाचवीत."

"आणि कुजबूज सुरू केली की हिची रांग हरते." बाई उठल्या. "चला. मला साक्षीदार लागेल."

सेगावांच्या कालवं फोडायच्या शेडमध्ये कान किटतील असा आवाज असतो. पाण्याचे पंप, शिंपल्यांचा पट्टा, आणि त्या सगळ्यावर ओरडून बोलणाऱ्या बायका. चिनात्सु आमच्याकडे पाठ करून दोऱ्या गुंडाळत बसली होती. आजी सुरी चालवत होती.

"माझी नात बहिरी?" आजी गरजली. "काहीतरीच काय! घरात सगळं ऐकते. एका हाकेला येते!"

"तुम्ही हाक कशी मारता?"

"अशी! आम्ही सगळे असेच बोलतो!"

"पंप बंद करा, आजी."

"का? कालवं काय तुमची वाट बघणार आहेत? कोण डॉक्टर पाठवतोय तुम्हाला? कानाचं यंत्र विकायचं असेल त्याला!"

"बंद करा. क्षणभर."

आजीनं कुरकुरत बटण दाबलं. शेड एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"आता मी बोलतेय तेवढ्याच आवाजात तिला बोलवा," बाई म्हणाल्या.

आजीनं ओठ पुसले. "चिनात्सु," ती म्हणाली. "तांदळाची मोची भाजलीय. खातेस?"

मुलगी दोरी गुंडाळत राहिली.

"चिनात्सु, बाळा."

दोरी फिरतच होती. शेजारच्या बायकांची हत्यारं थांबली. आजीच्या हातातली सुरी हळूहळू खाली आली.

शहरातल्या इस्पितळात सांगितलं, दोन्ही कान वर्षभरापासून मंदावत चाललेत. तिसरीच्या तपासणीत निभावलं होतं, त्यानंतर उतरत गेले होते. आपल्याला कमी ऐकू येतं हे चिनात्सुला स्वतःलाच नीट ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, सगळे असंच तोंडाकडे बघून समजून घेतात, आपल्यालाच काही वेळा जमत नाही.

दुसऱ्या सकाळी बाईंनी वर्गाला उभं केलं. चिनात्सुच्या बाकासमोर गेल्या आणि कमरेत वाकल्या, अगदी खाली.

"मी तुला सगळ्यांसमोर खोटारडी म्हणाले. ती माझी चूक होती. मला माफ कर."

आपली शिक्षिका अशी वाकलेली कुणी पाहिली नव्हती. चिनात्सु त्यांच्या डोक्याकडे बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "खाली बघून बोललात. ऐकू आलं नाही."

बाई सरळ झाल्या. चेहरा तिच्यासमोर धरला आणि सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा म्हणाल्या. मागून सोता फिसकन हसला, मग सगळे हसले, आणि चिनात्सुही. तिला पहिल्यांदा खरंच कळलं नव्हतं, की बाईंना दोनदा माफी मागायला लावायचं होतं, हे इसोगाईबाईंनी मला कितीदा तरी विचारलं आहे. मला ठाऊक नाही. बाईंचा संशय मात्र पक्का आहे.

कानाची यंत्रं आली तेव्हा चिनात्सु पहिल्या दिवशी शेडमधून पळून बाहेर आली. "तुम्ही सगळे एवढं ओरडता?" असं तिनं आजीला विचारलं म्हणे. वर्गात ती यंत्रं बरेच दिवस केसांखाली लपवायची. कुजबुजीचा खेळ बाईंनी आणि मार्वानं बसून बदलला. आता शब्द कानात सांगायचा नाही, पुढच्याच्या पाठीवर बोटानं चित्र काढायचं. पत्त्यांच्या वेळी मार्वा डोळे मिटून शब्द म्हणायची. त्यामुळे चिनात्सु पूर्वीसारखी दर वेळी जिंकेना. कधी सोता जिंकायचा, कधी आणखी कुणी. आणि हरली, की ती गप्प बसायची नाही. पत्ता कुणाच्या हाताखाली आधी होता यावरून अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं भांडायची.