पांढऱ्या शेठजींवर पिवळा भंडारा

सोमवारी दुपारी आमच्या गल्लीत बातमी आली, की बिरप्पामामांनी टेकडीवरच्या शेठजींच्या पुतळ्यावर रंग फेकला आणि पोलीस त्यांना धरून घेऊन गेले. संध्याकाळी किराणा दुकानापर्यंत पोचेतो त्या रंगाचं ॲसिड झालं होतं. मामांच्या बाजूनं मोर्चा निघणार, असंही दुकानदारानं सांगून टाकलं. आता मामांचा मोर्चाशी संबंध एवढाच, की मेंढरांचा एक मोर्चा ते रोज सकाळी आमच्या दारावरून काढतात.

खरं काय ते मी सांगते, कारण मी तिथंच होते. पोलीस नव्हते, रंगही नव्हता. होता तो भंडारा.

बिरप्पामामा आमचे सख्खे शेजारी. सोलापूर वाढत वाढत त्यांच्या दारात येऊन बसलं. मामा आणि त्यांची मेंढरं मात्र होती तिथंच राहिली. माझ्या परसातली मेथी त्यांच्या मेंढरांनी इतक्यांदा फस्त केलीय, की मी ती त्यांच्यासाठीच पेरते, असं त्यांची बायको तानाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला खुशाल सांगते.

आमच्या मागच्या माळाला लागून जी टेकडी आहे, तिच्यावर सूतगिरणीवाल्या शेठनी वडिलांचं स्मारक बांधलंय. संगमरवरी घुमट, हिरवळ, कारंजं. मोहोळ-दुधनीपासून लोक बघायला येतात. बांधताना शेठनी एक शहाणपण केलं. पायथ्याला जनावरांसाठी हौद बांधला आणि त्याला नळ दिला. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात तेव्हा मामांची मेंढरं त्या हौदावर जगतात. पण इतकी वर्षं पायथ्याला पाणी पाजूनही मामा कधी वर गेले नव्हते.

यंदा तानाबाईनं हट्ट धरला. "ज्याचं पाणी पितोय त्याचं तोंड तरी बगू या की!"

मामांनी धुवट धोतर नेसलं, तांबडा पटका बांधला आणि भर मे महिन्यात खांद्यावर घोंगडी टाकली. मी म्हटलं, "मामा, लग्नाला निघालात का?"

"व्हय की. करवली म्हणून तुलाच नेतोय."

मेंढरं हौदावर सोडून आम्ही वर गेलो. घुमटाखाली थोरले शेठजी खुर्चीवर बसलेले, पांढरेशुभ्र. गुंडा नावाचा रखवालदार त्यांना पाइपनं आंघोळ घालत होता. आलेले लोक पुतळ्याकडं पाठ करून मोबाइलमध्ये स्वतःचेच फोटो काढत होते. मामा मात्र समोर उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे, मी चेष्टा करायचंसुद्धा विसरले.

मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली. धनगरांची रीत अशी, की ज्यानं जगवलं त्याच्यावर भंडारा उधळायचा. देव असो नाहीतर माणूस. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत मामांनी मूठ मूठ हळद उधळली. दगड ओला होता. बघता बघता शेठजी पगडीपासून जोड्यापर्यंत पिवळेधमक झाले. गुंडाच्या हातातला पाइप गळून पडला.

स्मारकाचे व्यवस्थापक धावत आले. "अहो आजोबा, इटलीचा दगड आहे हा!"

"आसू दे की. आमचा बिरोबा हितल्याच दगडाचा हाय, त्यो कदी तक्रार करत न्हाई."

व्यवस्थापक भडकले. "उद्यापासून खालचा नळ बंद! तुमची मेंढरं इथं दिसता कामा नयेत."

मामांचा चेहरा एकदम उतरला. पाऊस अजून लांब होता आणि दुसरं पाणी जवळपास नव्हतं. ते पायरीवर मटकन बसले. तानाबाई "पुसते की मी, पुसते," म्हणत पदरानं शेठजींचे गुडघे घासायला लागली. जितकं पुसलं तितकं पसरलं.

व्यवस्थापकांनी शेठना फोन लावला. ते गाडी काढून येईपर्यंत दुधनीची एक सहल वर चढून आली. पिवळे शेठजी बघून त्या बायाबापड्यांनी आपोआप चपला काढल्या, हात जोडले. एका म्हातारीनं पायाजवळची हळद चिमटीत घेऊन कपाळाला लावली. शेठ आले ते नेमकं हे बघत दारातच थांबले.

"गिरणीत बाबांना सगळे घाबरायचे," ते हळूच म्हणाले. "कुणाला त्यांच्या पाया पडताना मी आज पहिल्यांदा बघतोय. कुणी केलं हे?"

मामा उठले. "मी. माजी मेंढरं तुमच्या पाण्यावर जगली, शेठ, म्हणून उधळला. आता परत वर येत न्हाई. नळ तेवढा बंद करू नगा."

"नळ चालूच राहणार," शेठ व्यवस्थापकांकडं बघत म्हणाले. "आणि वर का नाही यायचं? या की. फक्त पुढच्या वेळी फुलं आणा, मामा. या दगडावरची हळद निघत नाही."

मला वाटलं, आता मामा हात जोडतील आणि मुकाट्यानं खाली उतरतील. हात जोडले त्यांनी, अगदी कपाळाला टेकवून. मग पिशवीची गाठ मारत म्हणाले,

"फुलं आणतो की, शेठ. पण वर पोचस्तवर मेंढरं खात्याली. भंडाऱ्याला तेवढं कुणी तोंड लावत न्हाई."