चौदावी सीट

आमच्या गावापासून धरणगाव चौदा किलोमीटर. दारात चारचाकी असेल त्याला वीस मिनिटं, बाकीच्यांना देव नेईल तेव्हा. तशी आमच्या दारात चारचाकी होती, पण माझ्या दिराची. बसण्याआधी चपला झटकायच्या, दार हळू लावायचं आणि आठ दिवस आधी विचारून ठेवायचं.

मी विचारूनही ठेवलं होतं. धरणगावच्या एका शाळेत कारकुनाची जागा निघाली होती, मुलाखत अकरा वाजता. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर घराबाहेरचं काहीतरी माझं होणार होतं. सासूबाईंना ते काही पसंत नव्हतं. "रोज कसावर येशी-जाशी? पायी?" एवढंच विचारायच्या.

त्या दिवशी सकाळी बघते तर गाडी गायब! दीर मित्राला मुलगी दाखवायला धुळ्याला गेलेले. फोन केला तर म्हणतात, "वहिनी, अगदी डोक्यातून गेलं बघा." जायला आधी डोकं असावं लागतं! फाईल काखेत मारून मी स्टँडवर आले. नऊची एसटी आलीच नाही. ती येणार नाही हे बठ्ठ्या गावाला, अगदी पोराटोरांनाही, माहीत असतं, तरी आधी तिची वाट बघायची पद्धत आहे.

उरली काळी-पिवळी जीप. तिचा कायदा एकच, चौदा माणसं बसल्याशिवाय चाक हलत नाही. मला धरून आम्ही नऊ. दहा वाजत आलेले. ड्रायव्हर निवांत तंबाखू मळत म्हणाला, "अक्का, भरू तर द्या गाडी."

माझं डोकंच फिरलं. "तू बस मळत," म्हटलं, "मीच भरते."

पदर खोचला आणि गल्लीत शिरले. एक आबा ओट्यावर बसले होते, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. "आबा, चष्मा नीट करायला उद्या जाणार ना? उद्या दुकान बंद आहे," चक्क थाप मारली. आबा टोपी घालून निघाले. पुढच्या घरातल्या मायलेकींना लग्नाच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. शनिवारपर्यंत चांगले रंग संपतील म्हटल्यावर दोघी लगेच तयार झाल्या. गिरणीपुढे एक बाई दळणाचा डबा घेऊन उभी होती. तिला केव्हापासून माहेरी जायचं होतं, फक्त निमित्त हवं होतं. डबा तिथेच ठेवून ती आली. तेरा झाले!

चौदावा मात्र मिळेना. मोठ्यांपुढे कधी आवाज न चढवलेली मी, भर गल्लीत उभी राहून ओरडत होते, "धरणगाव, धरणगाव! एकच सीट!" आता रडू येईल अशी माझी गत झाली होती.

"काय गोंधय करी राहिनी?" स्टँडसमोरच्या आमच्या घराच्या दारात सासूबाई आल्या. माझ्याकडे बघितलं, जीपकडे बघितलं. दाराला कडी घातली आणि गुडघा धरत जीपमध्ये चढल्या.

"आजी, तुम्हनं काय काम शे धरणगावले?" ड्रायव्हरने विचारलं.

"ते मी तठे जाईसन देखसू. तू चाल."

वाटेत सगळ्या जीपने मिळून माझी मुलाखत घेतली. आबांनी सतराचा पाढा म्हणून घेतला. बांगड्यावाल्या मावशींना माझा पगार आधी ठरवायचा होता. हसून हसून माझी भीतीच पळाली. अकराला दहा कमी असताना शाळेच्या फाटकाशी उतरले.

अर्ध्या तासाने सांगितलं, सोमवारपासून या. मी धावतच बाहेर आले. सासूबाई फाटकाजवळ कडुनिंबाखाली बसलेल्या. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाल्या, "त्या गाडीवाल्याले सांगी ठेयं शे मी. रोज सकायले तुन्हासाठे पुढली सीट ठेवी तो."

मला तिथेच रडू फुटलं. निकाल काय लागला, ते तर मी त्यांना अजून सांगितलंही नव्हतं.