गोठ्यातला शेवटचा अल्बम

आमच्या बँडचे तिन्ही अल्बम गडमुडशिंगीतल्या एका गोठ्यात रेकॉर्ड झाले. गोठा आमच्या गिटारवाल्याच्या घरचा. त्याच्या वडिलांनी म्हशींसाठी पलीकडे नवी शेड बांधली आणि जुना गोठा आम्हाला देऊन टाकला. आम्ही भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, गव्हाण फोडून तिथं ड्रम मांडले. रेकॉर्डिंगही गिटारवालाच करायचा, त्याला त्यातलं सगळं कळायचं. ड्रमर इचलकरंजीचा. यंत्रमागांची दुरुस्ती करायचा, पाळी संपली की बसनं तसाच यायचा. गाणारी आमच्यातली एकटी मुलगी. कोल्हापुरात कॉलेजात शिकवायची, आणि गाणी तीच लिहायची. मी बेस वाजवायचो, उरलेला वेळ औषधाच्या दुकानात.

तिसऱ्या अल्बमची बाकीची गाणी झाली होती. एका रविवारी दुपारी तिनं शेवटचं आणलं. माइकसमोर उभी राहून नुसत्या आवाजात म्हणून दाखवलं.

चिंचेखालचा गोठा, आई दारात ओणवी,
तांब्या वर, ओंजळ खाली, मधली हवा कुणाची?

गिटारवाला खूश झाला. लगेच गिटार घेऊन तो त्या ओळीखाली एक जड, खालच्या पट्टीतला तुकडा वाजवायला लागला. ड्रमरनं ताल धरला. दोनदा वाजवलं, मजा यायला लागली. तिसऱ्यांदा मधेच गिटार थांबली.

"ही चिंच कुठली?" त्यानं विचारलं.

तिनं दाराकडं बोट केलं. दाराबाहेर चिंच होती.

ती याच गावची, हे आम्हाला माहीत होतं. ती लहान असतानाच तिचं घर कोल्हापूरला गेलं. गावात असताना तिची आई कुणाकुणाच्या रानात भांगलायला, तण काढायला जायची, हेही कधीतरी बोलण्यात आलेलं. पण कुणाच्या रानात, ते आम्ही विचारलं नव्हतं. आता तिनं सांगितलं. आई इथं यायची, सोबत ती असायची. तहान लागली की दोघी या दारात यायच्या, भांड्याला हात न लावता ओंजळ धरायच्या आणि वरून पाणी पडायचं. तिनं हे शांतपणे सांगितलं, एखादा पत्ता सांगावा तसं. ड्रमर काठ्या मांडीवर ठेवून खाली बघत बसला.

तेवढ्यात गिटारवाल्याचे वडील चहाची किटली घेऊन आत आले. आम्ही वाजवताना ते नेहमी दारात उभे राहून ऐकायचे. भला माणूस. आमचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा ट्रॅक्टर भरून माणसं घेऊन आले होते.

"थांबलासा का? चांगलं चाललंतं की," ते म्हणाले. मग तिच्याकडं बघितलं. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. "पोरी, तुझी आई कोण गं?"

तिनं आईचं नाव सांगितलं. त्यांनी किटली खाली ठेवली.

"आमच्या आईचं लई असायचं ते. जुनी मानसं. आमी न्हवतो तसं."

"काका," ती म्हणाली, "आजी घरात असायच्या. तांब्या तुमच्या हातात असायचा."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागानं म्हणाली असती तर कुणीतरी काहीतरी बोललं असतं. ते "आसंल," म्हणाले आणि गेले. चहा कुणी ओतून घेतला नाही.

तो आठवडा मला नकोसा झाला. गिटारवाला दुकानात फोन करायचा. "चिंच काढ म्हण तिला, वड घाल. गाण्याचं काय अडतंय?"

"तू सांग की."

"माझं ऐकायची न्हाय ती. गावात कुणालाबी कळंल कुणाचा गोठा. बाबा जेवत न्हाईत नीट."

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वड घातला की ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारातलं होईल."

ड्रमरनं इचलकरंजीत जागा बघतो म्हटलं, तर तेही तिनं नाकारलं. "गोठा त्याचा आहे. नको असेल तर तसं त्यानं सांगावं, मी येणार नाही. पण शब्द तेच राहतील."

त्यानं नको म्हटलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर गोठा उघडा होता, माइक लावलेला होता आणि तो हेडफोन घालून आमच्याकडं पाठ करून बसला होता. त्याचे वडील बाहेर चिंचेखाली पेपर घेऊन बसले होते. नेहमीसारखे दारात आले नव्हते. खिडकीच्या काचेतून दिसत होते. पेपरचं पान उलटत नव्हतं.

ती गायला लागली. चिंचेची ओळ आली आणि तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ओळ संपता संपता वरून विमान गेलं. आमच्याकडं विमानतळ जवळ, हे नेहमीचंच. पण त्या घरघरीनं ओळ वाया गेली.

"परत घ्यावं लागंल," तो पाठमोराच म्हणाला.

"कुठून?"

त्यानं हेडफोन सारखा केला आणि म्हणाला, "चिंचेपास्नं."

तिनं ओळ परत म्हटली. बाहेर त्याचे वडील उठले, पेपर घडी करून काखेत मारला आणि घराकडं गेले. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

मग त्यानं गिटार घेतली. गाण्याच्या मध्यावर सोलोची जागा होती. त्यानं तो एकदाच वाजवला, आणि त्याला इतकं चांगलं वाजवताना मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. सूर एकेक करून वर चढत गेले, पार टोकाला गेले आणि तिथून खालीच आले नाहीत. ड्रमर उठून उभा राहिला. तिचे डोळे भरले. वाटलं, मिटलं सगळं.

गिटार ठेवत तो म्हणाला, "या गाण्यावर माझं नाव घालू नका."

"मग वाजवलंस कशाला?" तिनं विचारलं.

"गाणं चांगलं हाय म्हणून."

"मग नाव का नको?"

"मला या घरात ऱ्हायचं हाय की गं."

"मलाही आईच्या घरीच राहायचंय," ती म्हणाली. "बिननावाचं नको मला. काढ ते."

मी म्हणालो, "आज राहू दे, उद्या ठरवू." कुणी लक्ष दिलं नाही. तो तिच्याकडं बघत राहिला. मग वळला आणि सोलो पुसून टाकला. कॉपी ठेवली नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालं ते. त्या जागी आता नुसते ड्रम आणि माझा बेस आहे.

अल्बम ऑनलाइन आला. गावात आम्हाला भीती होती तसं काही झालं नाही. दूध डेअरीवर पोरांनी मोबाइलवर गाणं लावलं, एवढंच. पण गिटारवाल्याच्या वडिलांनी दूध घालायला जायचं सोडलं, तो जायला लागला. बँड बंद करायचा असं कुणी म्हणालं नाही. पुढच्या रविवारचा फोन कुणी केला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

परवा मार्केट यार्डात तो भेटला. पेंडीची पोती गाडीत टाकत होता. त्याची मुलगी शाळेत जायला लागली म्हणाला, माझ्या दुकानाचं विचारलं. निघताना म्हणाला, "तिला सांग..." आणि थांबला. "न्हाय, ऱ्हाऊ दे. काय सांगू नको."

मी घरी येऊन तिला फोन केला आणि जसं झालं तसं सांगितलं. ती म्हणाली, "वाळलाय का रे तो?"

"जरा वाळलाय," मी म्हणालो.